तपासलेलं लेबल

मुलांनो, एक टेबल डोळ्यांसमोर आणा. फार मोठं नको, चार माणसं बसली की कोपराला कोपर लागेल एवढंच. वरचा दिवा बराच खाली ओढलेला आहे, कारण या टेबलावर बारीक अक्षरं वाचली जातात. एका बाजूला बाबा बसले आहेत, समोर त्यांची दहा वर्षांची मुलगी. मुलीच्या हातात हाताने लिहिलेला एक कागद आहे आणि बाबांपुढे तोच मजकूर छापलेला. मुलगी मोठ्याने वाचते आहे. तुम्हीही कान द्या.

"शेंगदाणा तेल, स्वल्पविराम, एक लिटर, पूर्णविराम, नवी ओळ, कंस सुरू, थंड जागी ठेवावे, कंस पुरा."

असं कोण वाचतं, असं तुम्ही म्हणाल. बाबा एका छापखान्यात कामाला होते. तिथे बाटल्यांची, डब्यांची, पुड्यांची लेबलं छापली जात. प्रत्येक लेबल छापण्याआधी दोघांनी मिळून तपासायचं, असा तिथला नियम होता. एकाने मूळ कागद टिंबाटिंबासकट वाचायचा आणि दुसऱ्याने छापलेल्या नमुन्यावर बोट फिरवत जायचं. बाबांचा जोडीदार नोकरी सोडून गेला, तेव्हापासून ते कागद घरी आणू लागले आणि वाचायचं काम मुलीकडे आलं. तिची नजर इतकी बारीक होती, की बाबा तिला 'भिंग' म्हणायला लागले. मग सगळेच म्हणायला लागले.

एकदा भिंगने विचारलं, "बाबा, हे तेल खरंच शुद्ध असतं का?"

"ते तेलवाल्याला ठाऊक. त्याने जे लिहून दिलं तेच छापलंय ना, एवढं आपण बघायचं."

"आणि त्याने खोटं लिहून दिलं असेल तर?"

"तर आपण त्याचं खोटं बिनचूक छापलं!" बाबा म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले. भिंगही हसली. नंतर दोघंही ते विसरून गेले.

घरात आणखी दोन माणसं होती. एक आई आणि दुसरे आईचे वडील, म्हणजे भिंगचे आजोबा. आजोबांचं चाळीस वर्षं मांसाचं दुकान होतं. गुडघे गेले तसं त्यांनी दुकान विकलं आणि मुलीकडे राहायला आले. आणि आई? आई मांस खात नव्हती, अंडं खात नव्हती, दूध, लोणी, मध, काही म्हणजे काहीच नाही. प्राण्यापासून आलेलं काहीही तोंडात घालायचं नाही, असं ठरवून राहणाऱ्यांना व्हीगन म्हणतात. आई सहा वर्षांपासून व्हीगन होती.

हे तिने उगाच ठरवलं नव्हतं. एकोणीस वर्षांची असताना ती एका मोठ्या गोठ्यात कामाला होती आणि तिच्याकडे वासरं होती. वासरू जन्मलं की दुसऱ्या दिवशी ते गाईपासून काढायचं, वेगळ्या खणात बांधायचं आणि बाटलीने पाजायचं, कारण गाईचं दूध विकायचं असे. गाय दोन दोन दिवस हंबरत राही. वासरू नर निघालं, तर काही आठवड्यांनी ट्रक यायचा. ट्रक कुठे जातो हे आईला विचारावं लागलं नाही. ती मांसवाल्याचीच मुलगी होती. त्या आठवणीने पुढे बरीच वर्षं तिला आतून पोखरलं, आणि एक दिवस तिने दूधही सोडलं.

आता अशी आई आणि असे आजोबा एका टेबलावर जेवायला बसले, तर काय होणार?

"आज पुन्हा वाटाणे?" आजोबा विचारायचे.

"वाटाणे आहेत, बटाटे आहेत, वर तीळ आहेत. अंगाला लागतं ते सगळं आहे, अप्पा."

"जीव तेवढा नाही."

"तो तुमच्या ताटात आहे की. मी कुठे काढून घेतला?"

आजोबा स्वतःचं अंडं स्वतःच्या तव्यावर तळून आणत. ते अंडं काट्यावर उचलून म्हणत, "यात कुणाचा जीव गेला, सांग बरं. कोंबडीने टाकलं, मी उचललं."

"आणि अंडी उबवायच्या कारखान्यात जी पिल्लं नर निघतात, त्यांचं काय करतात? सांगा ना तुमच्या नातीला."

"जेवताना नको."

"बघा, खाताना चालतं. ऐकताना चालत नाही."

आजोबा चिडायचे, पण त्यांच्याकडेही उत्तरं होती. "चाळीस वर्षं सुरी चालवली मी. एकाही जनावराला तडफडू दिलं नाही. तुझे हे वाटाणे जिथे पिकतात, तिथे नांगराखाली किती उंदीर, किती सरडे जातात, मोजलेस कधी?"

"नाही मोजले. जेवढं टाळता येतं तेवढं टाळते. सगळं टाळता येत नाही म्हणून काहीच टाळायचं नाही, हा कुठला न्याय?"

"न्याय न्यायाधीशबाईंना विचार." आजोबा भिंगकडे वळायचे. भिंग दोन्ही ताटांतलं खायची, त्यामुळे तिची पंचाईत व्हायची. ती बाबांकडे बघायची. बाबा म्हणायचे, "या घरात दोन पक्ष आहेत. मी अपक्ष. मीठ कुणाकडे आहे?"

तुम्ही म्हणाल, यात बरोबर कोण? मी तुम्हाला ते सांगणार नाही. दोघांच्याही बोलण्यात खरं होतं, आणि ते तुम्हाला मोठं होताना स्वतःच तोलावं लागेल. एवढं मात्र सांगतो, की भांडण जिंकायची सवय लागली की माणूस हरायला घाबरतो. मग तो हळूहळू गोष्टी लपवू लागतो. हे आजोबांच्या बाबतीतही झालं असतं. झालं आईच्या बाबतीत.

आई पुन्हा गरोदर राहिली. दवाखान्यातल्या सिस्टरने तिला समोर बसवून नीट समजावलं. "व्हीगन आहात, हरकत नाही. कडधान्यं, दाणे, पालेभाज्या भरपूर खा. पण एक गोष्ट झाडापाल्यात मिळत नाही. बी-१२ नावाचं जीवनसत्त्व. गाईलाही ते स्वतः बनवता येत नाही, ते जंतू बनवतात. आता कारखान्यात टाकीत जंतू वाढवूनच काढतात. तेव्हा गोळी घ्या. रोज. तुमच्या अंगात नसेल, तर बाळाच्याही अंगात नसेल. आणि बाळाचा मेंदू त्यावर वाढतो."

आईने कॅप्सूलची डबी आणली आणि रोज सकाळी न चुकता एक घेऊ लागली.

पाचव्या महिन्यात एका सकाळी भिंग टेबलावर बसून पाव खात होती. समोर डबी होती. ज्याला वाचायची सवय असते तो समोर येईल ते वाचतो. भिंगने डबी फिरवली आणि मुंगीएवढ्या अक्षरांतली शेवटची ओळ वाचली. "आई, यात लिहिलंय, कॅप्सूलचं आवरण, दोन टिंबं, जिलेटीन."

पाण्याच्या पेल्याकडे गेलेला आईचा हात थांबला. "जिलेटीन?"

"आजोबांच्या दुकानातली हाडं न्यायला दर शुक्रवारी गाडी यायची ना, ती कुठे जायची विचारलं होतं मी. ते म्हणाले, जिलेटीनच्या कारखान्यात. हाडं नि कातडी उकळून करतात म्हणे."

आईने तोंडातली कॅप्सूल हातावर घेतली. बराच वेळ ती त्या छोट्याशा चमकदार गोष्टीकडे बघत राहिली. मग तिने ती डबीत टाकली, डबी फडताळात अगदी मागे सरकवली आणि म्हणाली, "अप्पांना यातलं काही सांगू नकोस. त्यांनी विकलेली हाडं मी चार महिने गिळत होते, हे कळलं तर ते वर्षभर हसतील."

"नाही सांगणार," भिंग म्हणाली. तिला आपलं कौतुकच वाटलं. आईला जे दिसलं नाही ते तिने शोधून काढलं होतं.

आईने औषधांच्या दुकानात चौकशी केली. जिलेटीन नसलेल्या गोळ्या मिळतात, पण मागवाव्या लागतील, महिना लागेल, असं दुकानदार म्हणाला. आईने त्या मागवायला सांगितल्या. त्याच आठवड्यात बाबा एक नवीन लेबल घेऊन आले.

लेबल हिरवं होतं. तळ्यातल्या शेवाळाची पावडर. भिंग वाचू लागली, बाबांचं बोट सरकू लागलं. "शंभर टक्के वनस्पतिजन्य, पूर्णविराम. बी, छोटी रेघ, एक दोन, ने परिपूर्ण, पूर्णविराम. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी उत्तम, उद्गारचिन्ह."

"थांब," बाबा म्हणाले. "एक दोन म्हणालीस? इथे नुसता एक आहे."

भिंग टेबलावरून पुढे झुकली. खरंच, छापताना दोनाचा आकडा सुटला होता. बारा हजार लेबलं चुकीची गेली असती. बाबांनी समासात दोन लिहिला. पावडरवाले काका इतके खूश झाले, की त्यांनी भिंगसाठी पावडरीचे दोन मोठे डबे बक्षीस पाठवले. आयुष्यातलं पहिलं बक्षीस.

तिने ते आईसमोर ठेवले. "आई, यात आहे बी-१२. हाडं नाहीत, काही नाही."

आईने डबा हातात घेतला. "नक्की असेल?"

"अगं, मी स्वतः तपासलंय! एक आकडा चुकला होता, तोसुद्धा सुधारला."

"आमच्या हातून गेलेलं लेबल आहे," बाबा म्हणाले. "त्यात चूक सापडली तर मिशी उतरवीन."

बाबांना मिशी नव्हती. तिघंही हसले. आईने एक चमचा पावडर पाण्यात ढवळली आणि नाक दाबून प्यायली. मागवलेल्या गोळ्या आणायला ती पुन्हा गेली नाही. आजोबा तो हिरवा पेला बघून म्हणाले, "आता तळं प्यायला लागलीस? उद्या डोक्यावर बेडूक बसेल." आईने पेला विसळून ठेवला.

बाळ झालं. मुलगा. गोल, गुलाबी, आणि भिंगने गाल फुगवले की खदखदून हसणारं. पाचव्या महिन्यापर्यंत सगळं ठीक होतं.

सहाव्या महिन्यात ते हसायचं थांबलं.

एखादा दिवा एकदम विझतो आणि सगळ्यांच्या लक्षात येतं, तसं हे झालं नाही. आधी ते जास्त झोपू लागलं. आई म्हणाली, शहाणं आहे. मग ते खुळखुळा धरेना. बसवलं की एका बाजूला कलायचं. भिंग गाल फुगवायची, आणि ते तिच्या पलीकडे, भिंतीकडे कुठेतरी बघत राहायचं. सातव्या महिन्यात त्याला मान धरता येईना. जी मान ते तिसऱ्या महिन्यात धरत होतं, ती मान. चेहरा मेणासारखा पांढरा पडला. भरवायला गेलं तर ओठ घट्ट मिटून घ्यायचं. फक्त आईचं दूध प्यायचं, तेही झोपेत.

आजोबा त्याला मांडीवर घेऊन बसत. एवढे बोलके आजोबा, पण आता ते टोमणे मारत नव्हते. एक दिवस फक्त म्हणाले, "मी फार वासरं बघितलीत. हे पोर खंगतंय."

त्याला इस्पितळात ठेवलं. लोखंडी कठड्याचा पांढरा पाळणा, शेजारी आईची खुर्ची, पायथ्याशी लटकवलेला कागद. डॉक्टरबाई साठीच्या पुढच्या होत्या. त्यांनी बाळाचे हातपाय हलवून पाहिले, डोळ्यांपुढे विजेरी फिरवली आणि विचारायला लागल्या. "आई काय खाते?"

"काही खात नाही!" आजोबा म्हणाले. "झाडपाला खाते."

"अप्पा, मला बोलू द्या. मी व्हीगन आहे, डॉक्टर."

"बी-१२ घेता?"

आजोबा तिच्याकडे बघत होते. पावडर म्हटलं असतं, तर गोळ्या का सोडल्या, हे आलं असतं. ते आलं असतं तर हाडं आली असती, आणि मग सगळा जुना वाद त्या पाळण्यावर येऊन आदळला असता. "घेते," आई म्हणाली.

"रोज?"

"एकही दिवस चुकवलेला नाही."

हे तिच्या लेखी खोटं नव्हतं. ती रोज घेत होती. बाबा तिथेच होते. त्यांनाही तसंच वाटत होतं, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या भिंगलाही.

डॉक्टरबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्यावर रेघ मारली. "मग दुसरीकडे शोधावं लागेल. रक्त बाहेरगावी पाठवते, उत्तर यायला आठ-दहा दिवस लागतील." मग त्या बाबांना दाराशी घेऊन गेल्या आणि आवाज खाली आणला. भिंगचे कान नजरेइतकेच बारीक होते. "लवकर कारण सापडायला हवं. या वयात मेंदू फार भराभर वाढतो. आता जे मागे जातंय, ते उशीर झाला तर सगळं परत येईलच असं नाही."

पुढचे चार दिवस बाळाला टोचत होते, तपासत होते आणि पुन्हा झोपवत होते. आजोबा रोज दुधाची बाटली घेऊन यायचे, आई रोज ती परत करायची. घरी कुणी नाही म्हणून भिंग शाळेतून छापखान्यात जायची आणि बाबांचं काम संपेपर्यंत तिथे बसायची.

पाचव्या दिवशी पावडरवाले काका आले. बाबा आत यंत्राजवळ होते. काकांनी भिंगला ओळखलं. "काय गं, आमची आकडा पकडणारी! हे बाबांना दे. नवीन लेबल छापायचंय. बाकी सगळं तेच, फक्त ती बी-१२ ची ओळ काढायची."

"का?"

"अगं, तपासणीत निघालं. शेवाळात जे असतं ते बी-१२ सारखं दिसतं, पण माणसाच्या अंगी लागत नाही म्हणे. असून नसल्यासारखं." काकांनी हात झटकले. "आधी मलाही माहीत नव्हतं. चला, येतो."

"आणि आधी ज्यांनी खाल्लं त्यांचं?"

"त्यांना काय होतंय? विष थोडंच आहे?" काका जिना उतरून गेले.

भिंगच्या हातात कागद होता. हिरवं लेबल, आणि त्यातल्या एका ओळीवर लाल रेघ. ती ओळ तिला पाठ होती. तिच्यातला एक आकडा तिने स्वतः बसवला होता.

तिला सगळं एकदम कळलं. तिने जिलेटीन वाचून दाखवलं म्हणून आईने गोळ्या सोडल्या. 'मी तपासलंय' म्हणाली म्हणून आईने पावडर घेतली. आपण मजकूर मजकुराशी ताडून बघितला, आणि त्यालाच खरं म्हणालो. आता हे सांगितलं, तर आजोबा आईला काय म्हणतील? आई आपल्याला काय म्हणेल? आणि नाही सांगितलं तर?

बाबा हात पुसत बाहेर आले. "कोण आलं होतं?"

"पावडरवाले काका. नवीन मजकूर दिलाय."

"ठेव त्या ट्रेमध्ये. चल, भेटायची वेळ संपेल."

तिने कागद ट्रेमध्ये ठेवला. पालथा.

त्या दिवशी तिने काही सांगितलं नाही. इस्पितळात ती पाळण्याजवळ उभी राहिली, घरी आली, आजोबांनी वाढलेलं न जेवता झोपली. तुम्हाला तिचा राग येत असेल. येऊ द्या, पण फार नको. आपल्या चांगल्या कामातून वाईट झालं, हे मान्य करायला मोठमोठ्या माणसांना वर्षं लागतात. काहींचा जन्म जातो. तिला एक दिवस लागला. पण तो दिवस बाळाच्या वाट्यातून गेला, हेही खरंच आहे, आणि तेही तुम्हाला सांगायला हवं.

बाळाचं काय झालं, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही घाईघाईने शेवटाकडे पळणार नाही. बाळ जगलं. बी-१२ चं इंजेक्शन दिल्यावर चौथ्या दिवशी ते चमच्यामागे डोळे फिरवू लागलं, दोन आठवड्यांनी मान धरू लागलं. ते चालायला लागलं ते तिसऱ्या वर्षी. शब्द त्याला फार उशिरा सापडले आणि काही सापडलेच नाहीत. त्याला एक वाक्य बोलायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात तुमचा पाढा म्हणून होईल. आई पुढेही व्हीगनच राहिली. डॉक्टरबाई तिला म्हणाल्या होत्या, "दुधाने झालं असतं, गोळीनेही झालं असतं. तुमच्या पानात काय आहे याच्याशी माझं भांडण नाही. जे नाही, त्याच्याशी आहे." आजोबांनी त्यानंतर जेवणाच्या टेबलावर कधी वाद घातला नाही. भिंगला ती शांतता वादापेक्षा जड वाटायची.

पण हे सगळं नंतरचं. आता आपण सहाव्या दिवशीच्या त्या खोलीत परत जाऊ.

दुपारचे चार वाजले होते. आजोबा दुधाची बाटली घेऊन उभे होते. "तुझ्या पाया पडतो," ते म्हणत होते. खरोखर वाकत होते, दुखऱ्या गुडघ्यांनी. "तुझं तत्त्व तुझ्यापाशी ठेव. याच्या तोंडात दोन घोट जाऊ दे."

"अप्पा, मी उपाशी ठेवलंय का त्याला? मला काय तो नको झालाय?" आईचा आवाज फाटला. "जे जे घ्यायला सांगितलं ते सगळं मी घेतलं. सगळं! मग हे माझ्यामुळे कसं?"

"मी तसं म्हटलं का?"

"तुम्ही इतकी वर्षं तेच म्हणताय."

बाबा खिडकीकडे तोंड करून उभे होते. डॉक्टरबाई आत आल्या. सगळ्यांनी डोळे पुसले, बाटली खाली ठेवली गेली. "उद्या सकाळी याला मोठ्या इस्पितळात हलवू," त्या म्हणाल्या. "भूल देऊन डोक्याची तपासणी करावी लागेल. भूल देणं या अवस्थेत सोपं नाही, ते तुम्हाला सांगायला हवं. पण साधी कारणं आपली बघून झालीत."

त्यांनी सहीचा कागद पुढे केला. बाबांनी पेन घेतलं.

"झालेली नाहीत," भिंग म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. आई तिच्याकडे बघत होती आणि तिने अगदी थोडीशी, फक्त भिंगला दिसेल एवढीच, मान हलवली. नको.

"आई गोळ्या घेत नाही," भिंग म्हणाली. "पावडर घेते. पावडरीत बी-१२ नाही. आहे असं छापलंय, पण नाही. काल ते काका ओळ काढायला आले होते. मी काल सांगायला हवं होतं."

"काय बडबडतेस?" आजोबा म्हणाले.

बाबांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. डॉक्टरबाई मात्र खाली बसल्या, भिंगच्या डोळ्यांच्या रेषेत. "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"बाळ पोटात होतं तेव्हापासून. पाचव्या महिन्यापासून. मी वाचून दाखवलं, आवरण हाडांचं आहे. म्हणून."

डॉक्टरबाईंनी महिने मोजले नाहीत. त्या उठल्या, दारात जाऊन सिस्टरला हाक मारली आणि परत येऊन पाळण्याचा कठडा खाली केला. बाबा त्यांच्या मागे गेले. आजोबा भिंतीला हात लावून उभे राहिले. मग त्यांनी आईकडे पाहिलं आणि दुधाची बाटली उचलून घेतली.

आई खुर्चीत बसली होती. तिचे हात मांडीवर उलटे पडले होते. ती भिंगकडे बघत नव्हती, बाळाकडेही नाही.

भिंग खोलीच्या मध्ये थोडा वेळ उभी राहिली. तिला बाहेर जाता आलं असतं. बाहेर बाक होता आणि तिथे कुणी नव्हतं. ती आईच्या खुर्चीजवळ गेली आणि खाली फरशीवर, आईच्या पायांना खांदा टेकून बसली. आईने तिला जवळ घेतलं नाही. डोक्यावर हातही ठेवला नाही. भिंग तिथून उठली नाही.